काय खावंसं वाटतंय?

मी काही फार चांगली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मथुरानं फसवलं.

पावस गावाच्या बाजूच्या चार वाड्यांत माझ्या नवऱ्याला देवमाणूस म्हणत. नवऱ्याचं नाव घेऊ नये, म्हणून एकदाच घेते. भागोजी. यापुढं नुसतं 'हे'. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्यातली पंधरा ते बोटीवर खलाशी होते. वर्षातून एकदा यायचे, चार दिवस झोपायचे आणि जायचे. मग दोरखंडात पाय सापडून मोडला आणि ते कायमचे घरी आले. मला वाटलं, चला, आता तरी माणूस माझ्या वाटेला येईल. कसचं काय! ते बागायतदाराची कलमं राखायला लागले आणि उरलेल्या वेळात लोकांची मरणं.

सुरुवात शेजारच्या धोंडूकाकांपासून झाली. काका सहा महिने अंथरुणाला खिळलेले, घरची माणसं जागून जागून दमलेली. हे एक दिवस दुपारचे जाऊन त्यांच्या उशाशी बसले. घरच्यांना म्हणाले, "जावा, वायच पडा. मी हाय." माश्या वारल्या, तोंडात पाणी घातलं, काकांचं तेच तेच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकलं. आठवड्यानं त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, काय खावंसं वाटतंय?" काका म्हणाले, कुळथाची पिठी. हे लंगडत घरी आले आणि मला म्हणाले, "पिठी कर." मी केली. काकांनी चार बोटं चाटली आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे गेले.

तेव्हापासून जे चालू झालं ते झालंच. कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं, वैद्यानं नाडी सोडून दिली, रत्नागिरीच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं, की ह्यांना बोलावणं यायचं. त्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पंधरा दिवस, महिना, दुपारी जाऊन बसायचे. दिवस भरत आले हे त्यांना बरोबर समजायचं, आणि मग ते तो प्रश्न विचारायचे. सगळ्या वाड्यांना तो प्रश्न ठाऊक झाला होता. पाणंदीत बायका एकमेकींना विचारायच्या, "भागोजीदादानं इचारलं काय?" "इचारलं गो." की लगेच कुणीतरी रत्नागिरीला चालत जायचा आणि मुंबईच्या मुलांना तार करायचा. ह्यांच्या प्रश्नावर मुंबईची माणसं बोटीत चढत होती, एवढा त्याला मान.

आणि मी? मी रांधत होते. कुणाला मोरी माशाचं मटण हवं, कुणाला हळदीच्या पानातले पातोळे, कुणाला नुसती नाचणीची भाकरी नि मिठातली मिरची. मरणाऱ्या माणसाला दोनच घास जातात, पण ते दोन घास अगदी त्याच्या आईच्या हातचे हवे असतात. मी घरोघर विचारून यायची, तुमच्यात आमसूल घालतात की कैरी, खोबरं भाजतात की ओलंच वाटतात. सात वर्षांत तेवीस माणसं माझ्या हातचं खाऊन वर गेली. लोक म्हणायचे, भागोजीदादाच्या हाताला पुण्य आहे. हात कुणाचा, पुण्य कुणाला!

पण ते एक वेळ चाललं असतं. खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. बावीस वर्षांत ह्या माणसानं मला एकदाही विचारलं नव्हतं की मथुरे, तुला काय खावंसं वाटतं. आमची लेक कमळा, आता सासरी असते, तिच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा ते बोटीवर होते. ते सोडून दिलं. पण घरी आल्यावर? जेवायला बसले की ताटात पडेल ते खाणार, हात धुणार, काठी उचलणार. परक्या माणसाच्या तोंडाशी कान नेऊन तो प्रश्न असा काही विचारायचे की दगडाला पाझर फुटावा. मी दोन-तीनदा दाराआडून ऐकला होता. मला हेवा वाटायचा. मरणाऱ्या माणसांचा हेवा! हसा खुशाल.

दोन वर्षांपूर्वी मला हिवताप आला होता. सात दिवस थंडी वाजून दात वाजत होते. हा देवमाणूस माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर गेला आणि अंगणात काठी आपटत फिरत राहिला. खोलीत पाऊल नाही. वाडीतली चिमाकाकी येऊन माझे पाय चेपायची आणि हसून म्हणायची, "भागोजी बसला नाय ना तुज्या उशाशी? मंग तू जगतेस बघ." सगळ्या वाडीला त्याची गंमत वाटली. मला नाही वाटली. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

गांधींच्या मिठाच्या सत्याग्रहाची गडबड झाली त्याच्या पुढल्या वर्षी, पौषात, चिमाकाकीची सून सगुणा आजारी पडली. पोटात गोळा झाला होता. तिचा नवरा लवू मुंबईला गोदीत. पोर-बाळ नाही. तिशीची बाई, पण मोठ्या डोळ्यांची, आणि बोलायला गोड. हे तिच्याकडे जायला लागले.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी वाट बघत होते की आज येऊन सांगतील काय करायचं ते. काही नाही. महिना झाला. दुपारचं जेवण अर्धवट टाकून निघायचे. बागेतून येताना तिच्यासाठी सुरंगीच्या फुलांचा वळेसर आणायचे. सुरंगीचा! माझ्या केसांत फूल आहे की पाचोळा, हे ज्यांना कधी दिसलं नाही त्यांनी.

एकदा मी चिमाकाकीकडे विरजण मागायला म्हणून गेले. विरजण माझ्या घरी होतं. पडवीत सगुणा निजलेली, हे तिला पंख्यानं वारा घालत होते आणि एडनची गोष्ट सांगत होते. तिथं उंट कसे पाणी वाहतात, एक उंट ह्यांच्या डोक्यावरची टोपी कशी चावून गेला. सगुणा हसली. हेही हसले. माझ्या नवऱ्याला वरच्या बाजूला एक सोन्यासारखा पिवळा दात आहे, तो हसल्यावर दिसतो. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. एडन म्हणून गाव आहे हेही तेव्हाच कळलं. पंधरा वर्षं समुद्र हिंडून आलेल्या माणसानं मला काय सांगितलं होतं? 'आलो.' आणि 'जातो.' तळपायाची आग मस्तकात गेली. विरजण न घेताच मी घरी आले आणि पाट्यावर मिरच्या अशा वाटल्या की दोन दिवस हात भगभगत होते.

दीड महिना झाला. इतर माणसांना पंधरवड्यात, फार तर महिन्यात विचारून मोकळे होणारे हे, सगुणाला मात्र विचारत नव्हते. का? मला एकच कारण दिसत होतं. विचारलं तर ती जाईल, आणि ह्यांना ती जायला नको होती. हे मनात आलं आणि मग दुसरं काही मनात येईना. भात उपसताना तेच, झाडलोट करताना तेच.

शिमग्याला सोळा दिवस होते. हे सकाळचे बागेत गेले होते. मी पेजेचं भांडं घेतलं आणि सगुणाकडे गेले.

ती उशीला टेकून बसली होती. हात नुसते वाळक्या शेंगांसारखे झाले होते. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"या वैनी! तुमी कदी येतच नाय. दादा तुमचं किती सांगतात."

"काय सांगतात?" मी म्हटलं.

"म्हणतात, माजी बायको हाय म्हणून मी हे करतो. नायतर नुसतं बसून कुणाचं पोट भरलं असतं?" ती धाप लागून थांबली. "दादांनी मला अख्खं जग दाखवलं वैनी, ह्या पडवीत बसून. एडन, कोलंबो, झांजीबार. तुमी केवड्या नशिबाच्या. रोज ऐकत असाल."

ती चांगल्या मनानं बोलत होती, मला समजत होतं. पण शेवटचं वाक्य मला सुईसारखं टोचलं. मी भांडं खाली ठेवलं, तिच्या उशाशी बसले, ह्यांच्यासारखी वाकले आणि म्हणाले, "सगुणा, काय खावंसं वाटतंय?"

आत चिमाकाकी तांदूळ पाखडत होती, त्या सुपाचा आवाज बंद झाला.

सगुणानं विचारलं, "दादांनी धाडलं?"

तेव्हा मला नाही म्हणता आलं असतं. पेज आणली म्हणून सहज विचारलं, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं.

"व्हय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. वर आढ्याकडे बघत म्हणाली, "शिरवाळे. रसातले. माजी आई करायची." मग म्हणाली, "वैनी, मुंबईला आमच्या ह्यांना कळवा म्हणावं."

आतून चिमाकाकीनं हंबरडा फोडला. मी उठले. पेजेचं भांडं तिथेच राहिलं. मी घरी पोचायच्या आत वरच्या वाडीतला सदू तार करायला रत्नागिरीच्या वाटेला लागला होता.

हे दुपारी आले ते सगुणाकडूनच. काठी भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"कुणी इचारलं तिला?"

"मी."

मला वाटलं होतं ओरडतील. काठी उगारतील. तसं काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते. ते नुसते खाली बसले. मग मीच बोलत सुटले. दीड महिना तिथं काय चालवलंय, फुलं काय, एडन काय, हसणं काय, सगळी वाडी बघतेय. वाडी काहीच बघत नव्हती. बघत होते ती मीच.

माझं सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "पयल्याच दिवशी तिनं मला शपथ घातलेली. दादा, लवू शिमग्याला येतो. तवर मला इचारू नका. तुमी इचारलंत की माज्यानं धीर धरवायचा नाय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हणून इतर काय काय सांगत बसायचो. तो सोडून दुसरं कायबी. तिला हसवायला माज्याकडं दुसरं हाय काय?"

मला शरम वाटली. वाटायलाच हवी होती. पण खरं सांगायचं तर त्या शरमेच्या खाली मत्सर तसाच होता, उलट वाढलाच होता. दोघांत ठरलेली गोष्ट होती, आणि मी तिच्या बाहेर होते.

"मला का नाय सांगितलंत?"

"तू कदी इचारलंस?" ते म्हणाले आणि उठले. "तांदळाचं पीठ हाय काय?"

शिरवाळे एकट्यानं होत नाहीत. उकडलेले गरम उंडे साच्यात घालून एकानं वरच्या दांड्यावर जोर द्यायचा, दुसऱ्यानं खाली ताट फिरवून शेवया झेलायच्या. एरवी मी शेजारणीला बोलवायची. त्या दिवशी हेच बसले. मोडका पाय लांब करून, सगळं अंग दांड्यावर टाकून दाबत होते आणि मी ताट फिरवत होते. इतक्या जवळ आम्ही कितीतरी दिवसांत बसलो नव्हतो. त्यांचा घाम माझ्या मनगटावर पडत होता. नारळाचा रस काढताना तेवढं म्हणाले, "दाट काढ. तिला दाट आवडतो." मी दाट काढला. गूळ घातला, वेलची घातली. मनात आलं, ह्यांना तिला काय आवडतं ते ठाऊक आहे.

सगुणानं दोन शेवया खाल्ल्या. "आईसारकेच झाले," म्हणाली, म्हणे. मी गेले नव्हते. माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी लवू बोटीनं उतरला. पाच दिवस तो तिच्या उशाशी बसला, त्यानंच तिला खाऊ घातलं, त्यानंच धुतलं-पुसलं. हे त्या दिवसांत तिकडे गेले नाहीत. सहाव्या दिवशी पहाटेला ती गेली, नवऱ्याच्या मांडीवर. शिमगा अजून आठवडाभर लांब होता.

बाराव्याला लवू आमच्याकडे आला आणि ह्यांचे पाय धरले. "दादा, तुमी येळेवर इचारलंत. नायतर मी शिमग्याला आलो असतो आणि मला रिकामं घर दिसलं असतं." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चुलीत फुंकणी घालून बसले होते. लवूला उठवून ते एवढंच म्हणाले, "तिचं भाग्य, बाबा."

आता ती मी विचारल्यामुळे आठवडाभर आधी गेली, की मी विचारलं म्हणून तिला नवरा भेटला, हे मला माहीत नाही. रात्रंदिवस दोन्ही बाजूंनी मोजून बघितलंय. ह्यांना एकदा विचारलं तर म्हणाले, "मला नाय ठावं." त्यांनी मला दोषही दिला नाही आणि सोडवलंही नाही.

चैत्र लागला. एक दिवस दुपारी जेवायला बसलो होतो. म्हणजे ते बसले होते, मी वाढत होते. गोळपहून बोलावणं आलं होतं, कुणी म्हातारी होती. ते भराभर जेवत होते. मी विचारलं, "कधी जाणार?" "आताच." आणि काय झालं कोण जाणे, माझ्या हातातली पळी मी खाली आपटली.

"त्या म्हातारीला तुमी ओळखत पन नाय. तिला इचाराल. सगळ्या जगाला इचाराल. मी मरायला टेकले म्हणजे तरी मला इचाराल की नाय?"

त्यांचा घास हातात राहिला.

"नाय," ते म्हणाले.

"नाय?"

"तवापन नाय इचारणार." त्यांचा आवाज बदलला होता. "मी ज्याला ज्याला इचारलं त्यातलं एक माणूस ऱ्हायलं नाय मथुरे. एक नाय. तुला हिवताप आला तवा सात दिवस तो प्रश्न माज्या तोंडात येत होता. सवय झालेली. आत आलो असतो तर इचारून बसलो असतो. म्हणून अंगणात फिरलो."

दोन वर्षं मी ते फिरणं मनात धरून ठेवलं होतं. त्या काठीच्या आवाजाचा राग राग केला होता.

मग ते जरा हसल्यासारखं करून, मला समजवायला म्हणून म्हणाले, "आणि तुला इचारायचं काय? तुला काय आवडतं ते मला ठावं हाय. टोपाच्या तळाची खरवड. रोज आवडीनं खातेस. बघतो ना मी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बावीस वर्षं मी खरवड खाते, कारण टोपात शेवटी तीच उरते. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाला जे करपलेलं राहतं ते बाईच्या वाट्याला येतं. ह्या माणसानं ते रोज बघितलं होतं, नीट लक्षात ठेवलं होतं, आणि त्याला वाटत होतं की ती माझी आवड आहे.

"मला खरवड आवडत नाय," मी म्हणाले.

"नाय?"

"कदीच नाय आवडली. दाताला लागते."

ते गोंधळले. त्यांनी तोंड उघडलं. पुढचा प्रश्न कुठला यायचा ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दुसरा कुठला प्रश्न तिथं बसतच नव्हता. तो त्यांच्या ओठांपर्यंत आला, मला दिसला, आणि त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. ताटातला भात निवत होता. एवढ्या तेवीस माणसांना न घाबरता विचारणारा माणूस माझ्यापुढं लहान मुलासारखा घाबरून बसला होता. ते कधीच विचारणार नव्हते. मी शंभर वर्षं वाट बघितली असती तरी.

मग मी न विचारताच सांगितलं.

"ओल्या काजूची उसळ. ओलं खोबरं घालून. आणि काजूगर मी सोलणार नाय."

त्यांनी हात धुतला, काठी उचलली आणि गेले. मला वाटलं, गेले गोळपच्या म्हातारीकडे. तासाभरानं आले तर पंचाच्या ओच्यात हिरव्या काजूच्या बिया होत्या. संध्याकाळपर्यंत अंगणात बसून एकेक बी चिरत होते. काजूच्या चिकानं बोटांची सालं निघाली. कुणीतरी गोळपहून पुन्हा बोलवायला आलं, त्याला म्हणाले, "आज नाय जमायचं. उद्या येतो." मी घरातून ऐकलं आणि दाराआड उभी राहून ते वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं.

उसळ मीच केली. ते समोर बसले होते, बोटांना खोबरेल लावून. मी वाटी घेऊन जेवायला बसले, ते असताना, त्यांच्या आधी. सगळी उसळ खाल्ली, वाटी पुसून खाल्ली. त्यांना हवी का, हे मी विचारलं नाही.